बॉरिसचा अबोला

न्यू जर्सीतल्या एडिसनला काकांकडे गेलं की आधी बेसमेंटमधल्या मंडळींची ख्यालीखुशाली विचारायची. घरातल्यांचा नंबर नंतर. बेसमेंटमध्ये बुद्धिबळाचे जुने कॉम्प्युटर नांदतात. १९७९चा बोलका फिडेलिटी चेस चॅलेंजर खरखरत्या आवाजात चाल सांगतो, म्हणून थंडीत काका त्याला फार बोलू देत नाहीत. १९८३चा मिल्टन ब्रॅडली ग्रँडमास्टर पटाखालच्या लोहचुंबकाने मोहरे आपणच सरकवतो. त्याचा घोडा उडी न मारता दोन मोहऱ्यांमधून अंग चोरून जातो. "घरंदाज आहे," काका म्हणतात.

पण खरा लाडका बॉरिस, १९७८चा, लाकडी पेटीतला. त्याला ना डोळे ना हात. आपली चाल बटणं दाबून कळवायची आणि त्याची चालही पटावर आपणच करायची. एवढी सेवा करून घेऊन वर लाल अक्षरांत टोमणे मारतो तो तोच.

काका निवृत्त इलेक्ट्रॉनिक्स इंजिनियर. टोमणे आधीच भरून ठेवलेले असतात, हे तेच सांगतात. हरायला आलेलं यंत्र उगाच शह का देत सुटतं, तेही सांगतात. त्याला मोजक्याच चालींपुढचं दिसतं. मध्ये एखादा फालतू शह घुसवला, मोहरा फुकट दिला, की मात त्या टप्प्याच्या पलीकडे ढकलली जाते आणि यंत्राला वाटतं, टळली! याला होरायझन इफेक्ट म्हणतात. एवढं सगळं कागदावर काढून दाखवलं, की काका पेटीकडे बघून आवाज खाली आणतात, "घाबरलाय रे बिचारा. वजीर देऊन बसला."

बॉरिसला वेळ लागला तर तो उदास, झटकन खेळला तर उर्मट. काका हरले तर मात्र 'आज त्याला जिंकायची गरज होती.'

मागच्या खेपेला गेलो तर बॉरिसचा प्लग काढलेला.

"बिघडला का?" मी काकूंना विचारलं.

"छे! यांनी मोठी चाल केली, तर तो म्हणे, याआधी कधी खेळलायत का? तेव्हापासून अबोला."

"काका, अहो, तो टोमणा चिपमधला. तुम्हीच सांगितलंत ना?"

"मग? चिपमधला झाला म्हणून काहीही बोलायचं?"

"बरं, प्लग लावा आता."

"मी का म्हणून? त्याने आधी बोलावं!"