पावती फाडणारी माणसं

सार्वजनिक वाचनालयाचा कार्यवाह झाल्यापासून मी गावातली माणसं पाठमोरी ओळखायला शिकलो आहे. पावतीपुस्तक घेऊन बाजारपेठेत शिरलो, की समोरून येणाऱ्याला घरी काहीतरी विसरल्याचं एकदम आठवतं. डॉक्टर वळतात, वकील वळतात. आमच्याच अभ्यासिकेत बसून ज्यांचा मुलगा फौजदार झाला, ते गृहस्थ वळण्यात वेळ घालवत नाहीत, सरळ बोळात शिरतात.

वाचनालयाला असं मागत का फिरावं लागतं, याचं उत्तर कायद्यात आहे. मद्रास प्रांताने 1948 साली ग्रंथालय कायदा केला आणि त्यात उपकर ठेवला. तिथला माणूस घरपट्टी भरतो आणि नकळत वाचनालयाला मदत करून मोकळा होतो. महाराष्ट्राचा कायदा 1967 चा. त्यात उपकर नाही. अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, तपासणी आहे आणि अनुदान आहे. संस्था गावाने चालवायची, शासनाने हातभार लावायचा. हा हातभार दोन हप्त्यांत येतो आणि कधी येणार ते विचारायचं नसतं. आमचं वाचनालय 'ब' वर्गातलं. शाळेत कायम 'अ' तुकडीत बसलेले आमचे अध्यक्ष हे अजून मनाला लावून घेतात.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. ग्रंथालयं उघडायला परवानगी मिळाली ती 15 ऑक्टोबरला. मधल्या काळात वर्गणी थांबली, वाचन मात्र चालू राहिलं. पण ते वाळवीचं. दारं उघडली तेव्हा बरेच सभासद परतले नाहीत. त्यांच्याकडची पुस्तकंही परतली नाहीत.

संस्थेची आर्थिक स्थिती ताळेबंदात पाहू नये, सभेतल्या बशीत पाहावी. बरे दिवस होते तेव्हा कोणत्याही सभेला बटाटेवडा असे. मग खारी आली. मग ग्लुकोज बिस्किटं, माणशी दोन. पुढे नुसता चहा उरला, आणि तीन सदस्यांना मधुमेह निघाल्याचं कळलं तेव्हा खजिनदारांना झालेला आनंद काही लपला नाही. वार्षिक सभेच्या सूचनेत आम्ही पूर्वापार छापतो, की गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी होईल व तिला गणसंख्येचे बंधन राहणार नाही. गावाने याचा अर्थ एवढाच घेतला, की खरी सभा अर्ध्या तासाने असते. वडे बंद झाल्यावर तिलाही कोणी येईना.

खरी लाज वाटायची ती ग्रंथपाल बाईंसमोर. त्यांचा पगार मुळात एवढा, की त्याला पगार म्हणताना जीभ अडखळावी, तोही थकलेला. बाई मात्र रोज वेळेवर कुलूप उघडत. शिपायाने एकदा धीर करून विचारलं, "बाई, आपला पगार कधी हो?" बाईंनी मान वर न करता सांगितलं, "मागणी-वहीत नाव लिहून ठेव. आपल्या आधी सातजण आहेत."

सगळ्यांचे उतरलेले चेहरे पाहून अध्यक्षांनी मनोबल वाढवायला शहरातून एक प्रशिक्षक बोलावले. त्यांनी आम्हाला गोलात उभं केलं, डोळे मिटायला लावले आणि मागच्या माणसाच्या भरवशावर अंग मागे झोकून द्यायला सांगितलं. याने म्हणे परस्परांवर विश्वास बसतो. सत्तरी ओलांडलेल्या उपाध्यक्षांच्या मागे खजिनदार उभे होते. उपाध्यक्षांनी डोळे उघडले. "माझं मागच्या वर्षीचं रिक्षाभाडं यांनी अजून मंजूर केलं नाही. हे मला झेलणार?" प्रयोग तिथेच आटोपला. प्रशिक्षकांचं मानधन चुकतं केलं आणि पुढच्या सभेपासून चहाही बंद झाला.

मग कोणीतरी सीएसआरचं नाव काढलं. 2013 च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्च करायचे असतात. कोणत्या कामांवर, याची यादी सातव्या अनुसूचीत आहे आणि तीत सार्वजनिक ग्रंथालयांचा स्वच्छ उल्लेख आहे. अध्यक्षांनी त्या अनुसूचीला नमस्कार केला. एका कंपनीचा तरुण अधिकारी आला. लॅपटॉप उघडून म्हणाला, "सर, तुम्ही इम्पॅक्ट कसा मोजता?"

आम्ही सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी कपाटातून दोन कादंबऱ्या काढून त्याच्यापुढे ठेवल्या. "हिच्यात चाळिसाव्या पानापर्यंत चहाचे डाग आहेत, पुढे सगळी कोरी. म्हणजे लोक तिथे कंटाळतात. या दुसरीत शेवटच्या पानापर्यंत डाग आहेत, शिवाय हे हळदीचं बोट. हिचा इम्पॅक्ट पार स्वयंपाकघरात पोचलाय." त्याने डागांसाठी रकाना शोधला. तो नव्हता. आमचा प्रस्ताव अजून विचाराधीन आहे.

वैयक्तिक देणगीदारांची तऱ्हा निराळी. एका व्यापाऱ्याने 101 रुपये हातात धरून विचारलं, "ऐंशी जी आहे ना?" आहे. त्यानुसार निम्म्या रकमेवर करसवलत, म्हणजे साडेपन्नास रुपयांवर. 20 टक्के दराने त्यांचे दहा रुपये दहा पैसे वाचणार होते. खजिनदारांनी चौकशी केली तर गृहस्थ नव्या करप्रणालीतले निघाले. तीत ही सवलतच नाही. तरी पावतीवर शिक्का त्यांनी मारून घेतलाच.

मोठ्या देणगीदारांना नाव हवं असतं. त्यात वावगं काही नाही. सर विठ्ठलदास ठाकरसींनी 1920 साली महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला 15 लाख रुपये दिले, म्हणून त्यांच्या आईचं नाव आज एसएनडीटीच्या रूपाने सगळ्यांच्या तोंडी आहे. आमच्याकडे अपेक्षा तेवढीच असते, देणगी पंख्याची. एकांनी पंखा दिला आणि तिन्ही पात्यांवर वडिलांचं नाव रंगवून घेतलं. पंखा फिरला की नाव दिसत नाही. त्यामुळे ते आले की आम्ही पंखा बंद करतो आणि घाम पुसत त्यांच्या दातृत्वाचं कौतुक करतो.

शेवटी खजिनदारांनीच जुने दाखले काढले. त्याच कर्व्यांच्या संस्थेसाठी कार्यकर्ते घरोघर भाऊबीज गोळा करत फिरले. कर्मवीर भाऊरावांनी रयतेतली मुलं मुष्टिफंडाच्या मूठ-मूठ धान्यावर जगवली. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा मागून पैसा फंड उभारला, टिळकांनी त्याला पाठबळ दिलं, आणि त्यातून 1908 साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. तेव्हा आपणही जोडीजोडीने दारोदार जायचं, कोणाकडे पन्नासाच्या वर मागायचं नाही, असा ठराव झाला. उपाध्यक्षांची जोडी बाईंनी मुद्दाम खजिनदारांशी लावली.

घरं पालथी घालून जो तो संध्याकाळी वाचनालयात परतायचा तो पैशांपेक्षा किस्से जास्त घेऊन. कोणाला कुत्र्याने पिटाळलेलं, कोणाला पोहे मिळालेले, कोणाला देणगीऐवजी मुलीची पत्रिका. एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर उपाध्यक्षांचा तोल गेला आणि खजिनदारांनी त्यांना खरोखरच झेललं. रिक्षाभाडं दुसऱ्या दिवशी मंजूर झालं.

जमलेल्या पैशांत बाईंचा आणि शिपायाचा थकलेला पगार निघाला, विजेचं बिलही निघालं. पुस्तकांना काही उरलं नाही. पण पुढच्या आठवड्यात एक आजी काठी टेकत आल्या. "दिवाळी अंक अजून बांधणीला का पडलेत? पन्नास रुपये दिलेत मी." पाठोपाठ एकजण आला. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं रोज सकाळी कोण सोडवून ठेवतो, याची त्याला लेखी चौकशी हवी होती. टाळेबंदीपासून कोरी पडलेली तक्रारवही भरू लागली. बाईंनी ती सभेत मोठ्याने वाचून दाखवली. सगळे इतके खूश झाले की खजिनदारांनी स्वतःच्या खिशातून खारी मागवली.

पंखेवाले वर्षातून एकदा नाव बघायला येतात. पन्नास रुपयेवाले रोज हिशेब विचारायला येतात, आणि कोणीतरी रोज हिशेब विचारतंय या धाकावरच कार्यकर्ते उभे राहतात. म्हणून तुम्हाला सांगणं एवढंच. तुमच्या गावच्या वाचनालयात जा, वर्गणी भरा आणि त्याच दिवशी एक तक्रार नोंदवा. टाळेबंदीपासून घरी राहिलेलं पुस्तकही सोबत न्या. दंड कोणी मागणार नाही. पन्नास रुपयांची पावती मात्र फाडावी लागेल.