एम.एस्सी. नर्सिंग कसे उरकावे

बी.एस्सी. नर्सिंग झाले, वर्षभर वॉर्डात ड्युट्या करून झाल्या, तरीही ज्यांची शिकायची हौस फिटलेली नाही, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. कोर्स दोन वर्षांचा. शाखा पाच: मेडिकल-सर्जिकल, बालरोग, प्रसूती-स्त्रीरोग, कम्युनिटी आणि मेंटल हेल्थ. आपण मेंटल हेल्थ घेऊ. ही शाखा घेतली की लग्नकार्यात कुणीतरी हमखास बाजूला घेऊन ‘आमच्या ह्यांच्याशी जरा बोलून बघ ना’ म्हणते, आणि तेवढ्यात दुसरे कुणी ‘वेड्यांची सिस्टर आली’ म्हणून हसते. दोघांनाही पंगत उठेपर्यंत काही बोलू नये.

क्लिनिकल पोस्टिंग बहुधा सरकारी मनोरुग्णालयात लागते. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी यांपैकी जे जवळ असेल तिथे. पहिल्या दिवशी ओळख करून घ्यायची ती मेट्रनशी नव्हे, मावशींशी. कोणत्या पेशंटला कुणाच्या शेजारचा पलंग चालत नाही, हे फायलीत लिहिलेले नसते.

मग सुरू होते मेंटल स्टेटस एक्झामिनेशन. हातात छापील फॉर्म घेऊन पेशंटसमोर बसावे आणि क्रमाने विचारावे. आज वार कोणता? शंभरातून सात वजा करत जा बघू. (आपले उत्तर आधी कागदाच्या कडेला पेन्सिलीने मांडून ठेवावे. पेशंट सहाव्या पायरीला पोचतो तेव्हा आपण तिसऱ्या पायरीला अडकलेलो असतो.) पुढचा प्रश्न निर्णयक्षमतेचा: पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट रस्त्यात सापडले तर काय कराल? अपेक्षित उत्तर, पोस्टाच्या पेटीत टाकीन. समोरचा बावीस वर्षांचा मुलगा म्हणतो, ‘फोटो काढून ग्रुपवर टाकीन.’ आता याची निर्णयक्षमता शाबूत की बिघडलेली? त्याने आयुष्यात पोस्टाची पेटी उघड्या डोळ्यांनी पाहिलेली नाही. ‘शाबूत’वर खूण करावी, व्हायव्हाला विचारलेच तर ‘सर, इन्साइट पार्शल’ असे काहीतरी पुटपुटावे.

मग म्हणी. पेशंटला लाक्षणिक अर्थ कळतो का, हे यात तपासतात. ‘नाचता येईना अंगण वाकडे म्हणजे काय हो, काका?’ काका जन्मभर गवंडीकाम केलेले. ते म्हणतात, ‘ओळंबा लावल्याबिगर कसं सांगणार? असंल बी वाकडं.’ फॉर्मप्रमाणे हे ‘काँक्रीट थिंकिंग’, म्हणजे शब्दाला धरून विचार. काकांच्या धंद्यात काँक्रीटशिवाय दुसरा विचारच नसतो, ही नोंद करायला फॉर्मात रकाना नाही. माझ्या मते समासात लिहून ठेवावी. मार्क नाहीत, पण पुढे त्या पेशंटशी बोलायला तीच उपयोगी पडते.

बोलण्याचीही वही असते. तिला प्रोसेस रेकॉर्डिंग म्हणतात. पेशंट काय म्हणाला, आपण काय म्हणालो आणि त्यात कोणते तंत्र वापरले, हे सगळे उतरवायचे. नर्स-पेशंट नात्यावर हिल्डगार्ड पेपलाऊबाईंनी १९५२ साली आख्खे पुस्तक लिहिले. ती वही म्हणजे त्या पुस्तकाचे नातवंड. आपल्याला काहीच सुचले नाही आणि नुसते बसून राहिलो, तर तंत्राच्या रकान्यात ‘थेरप्युटिक सायलेन्स’ लिहावे. हे सर्वत्र चालते.

भूलशास्त्राची हौस असलेल्यांना आधीच सांगतो, तिकीट अमेरिकेचे काढा. तिथे भूल देणाऱ्या नर्सचा पेशा जुना आणि मानाचा आहे. मेयो क्लिनिकच्या अ‍ॅलिस मॅगॉ यांनी १९०६ साली चौदा हजारांवर भुलींचा आढावा छापला. त्यात भुलीमुळे झालेला मृत्यू एकही नव्हता. आता तिथे त्या शिक्षणाला नव्याने प्रवेश घ्यायचा तर डॉक्टरेटच्या पातळीचाच कोर्स करावा लागतो. २०२२ पासून तसा नियम आहे. आपल्याकडे भूल डॉक्टर देतात. ट्रे आपण लावतो.

मेंटल हेल्थवाल्यांनी मात्र यातून सुटलो असे समजू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारे औषध दिल्याशिवाय ईसीटी, म्हणजे लोक ज्याला ‘शॉक’ म्हणतात ती, देण्यावर बंदी घातली आहे. तेव्हा ईसीटीची सकाळ ही एका छोट्या ऑपरेशन थिएटरचीच सकाळ असते. संमतीपत्र, कवळी काढली का, बांगड्या, नेलपॉलिश, केसांना तेल, लघवीला जाऊन आला का, सक्शन चालू आहे का, ऑक्सिजन किती उरलाय. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, पेशंट उपाशी आहे ना. पोटात अन्न असताना भूल दिली तर ते उलटून फुप्फुसात जाऊ शकते.

इथे नवशिक्या विचारतात, ‘काही खाल्लंय का?’ पेशंट म्हणतो नाही, सोबतची आई म्हणते नाही, फॉर्मवर ‘एनपीओ’ची खूण होते. जुन्या सिस्टर असे विचारत नाहीत. त्या ब्लडप्रेशरचा पट्टा गुंडाळता गुंडाळता आईला सहज म्हणतात, ‘आज चहा कुठून आणला हो? खालच्या टपरीवाल्याकडे गवती चहा असतो का?’ आई खुशीत सांगते, ‘असतो की. ह्याला पण दिला अर्धा कप, नुसती एक खारी बुडवून. पोरगं रात्रीपासून उपाशी.’ त्या दिवशीची ईसीटी रद्द. सिस्टर आईवर ओरडत नाहीत. पुढची तारीख एका चिठ्ठीवर लिहितात आणि खाली ‘चहासुद्धा नाही’ अशी ओळ घालून देतात.

ईसीटी झालीच तर पायाकडे बघावे. स्कोलीन, म्हणजे ते स्नायू सैल करणारे औषध, देण्याआधी एका पायाला पट्टा बांधून तो भरपूर फुगवतात, त्यामुळे औषध त्या पावलापर्यंत पोचत नाही. बाकी अंग सैल पडलेले, आणि झटका आला हे त्या एका पावलाच्या हालचालीवरून कळते. घड्याळ लावून सेकंद मोजायचे. नंतर कुशीवर वळवायचे आणि शुद्धीवर येईतो पाच-सात वेळा नाव, जागा, वार सांगत राहायचे. सकाळी आपण त्याला विचारलेले प्रश्न आता तो आपल्याला विचारतो.

इतके सगळे पाहून झाल्यावर संशोधनाकडे वळावे, कारण प्रबंधाशिवाय पदवी नाही, आणि प्रबंधात यातले काहीही येऊ द्यायचे नसते. शीर्षक ठरलेले आहे: ‘अ स्टडी टू असेस द इफेक्टिव्हनेस ऑफ स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रॅम ऑन नॉलेज रिगार्डिंग’, पुढे मोकळी जागा, मग ‘अमंग’, पुन्हा मोकळी जागा, ‘इन सिलेक्टेड कॉलेजेस’. मोकळ्या जागा गाइड भरून देतात. पहिल्या जागेत ‘दारूचे दुष्परिणाम’ घालू. दुसरीत जी.एन.एम.ची पहिल्या वर्षाची मुले, कारण ती एका वर्गात बसलेली असतात आणि नाही म्हणायला घाबरतात. संमतीपत्रावर मात्र ‘स्वेच्छेने’ असे छापून घ्यावे.

सॅम्पल साठ. तीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. सर्वांत लांबलचक पर्याय बरोबर. प्री-टेस्ट घ्यावी, फ्लिप चार्ट लावून पाऊण तास शिकवावे, सातव्या दिवशी तेच तीस प्रश्न पुन्हा द्यावे. मार्क वाढतात. माणसाला शिकवले की त्याला जास्त येते, हा निष्कर्ष दरवर्षी नव्याने सिद्ध होतो आणि पी ०.०५ पेक्षा कमीच येतो. कन्सेप्च्युअल फ्रेमवर्कसाठी बर्टालान्फींची सिस्टिम थिअरी घ्यावी. इनपुट, प्रोसेस, आउटपुट असे तीन चौकोन आणि चार बाण. एक बाण उलटा हवा. तो फीडबॅक.

टी-टेस्ट आकडेमोड करून देणाऱ्यावर सोडावी, पण व्हायव्हासाठी इतके माहीत असू द्यावे की १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने ती मांडणारे विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यात नोकरीला होते. दारूच्या दुष्परिणामांवरच्या प्रबंधात आभार मानताना त्यांचे नाव घालायला हरकत नसावी.

हिंमत असलेल्यांनी गाइडना एकदा विचारून बघावे: ‘मॅडम, चहामुळे किती ईसीटी रद्द होतात, आणि कोणत्या प्रश्नाने चहा कळतो, हे मोजलं तर?’ मॅडम चष्म्यावरून बघतील. ‘यात टीचिंग प्रोग्रॅम कुठंय?’ हे संभाषण प्रोसेस रेकॉर्डिंगच्या वहीत उतरवून ठेवावे. तंत्राचा रकाना कसा भरायचा, ते वर सांगितलेच आहे.

शेवटच्या प्रकरणाच्या शेवटी ‘शिफारशी’ असतात. तिथे ‘हाच अभ्यास मोठ्या सॅम्पलवर करता येईल’ असे लिहावे. पुढच्या वर्षी तुमची ज्युनिअर ऐंशी मुले घेईल. तुमच्या प्रश्नावलीची सॉफ्ट कॉपी ती मागायला येईलच, उत्तरसूचीसकट द्यावी.