अभिनंदनाचा ठराव

आमच्या ग्रामपंचायतीला स्वच्छतेचा पुरस्कार मिळाला, हे आम्हाला एसटी स्टँडसमोरच्या फ्लेक्सवरून कळलं. वरच्या रांगेत नेते, मधे सरपंचबाई, त्यांच्याहून दोन इंच मोठे त्यांचे यजमान, खाली शुभेच्छुकांची डोकी, आणि जागा उरली तिथे संत गाडगेबाबा. फ्लेक्स नेमका तुंबलेल्या गटारीसमोर उभा केल्यामुळे गटारही दिसेनाशी झाली. एका खर्चात दोन कामं उरकणारी पंचायत पुरस्काराला पात्र नाही, असं कोण म्हणेल?

गाडगेबाबांच्या नावाचं ग्रामस्वच्छता अभियान २००० साली सुरू झालं, आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना. तेव्हा गावंच्या गावं खराटे घेऊन खरोखर रस्त्यावर उतरली होती, हे मान्य करायला हवं. पुढे गुणपत्रिकेची गोडी लागली. बाबा गावात शिरले की आधी खराटा चालवायचे, रात्री कीर्तन करायचे आणि कोणी पाया पडायला आलं तर हाकलून द्यायचे. आजच्या निकषांत ते बसले नसते. ना स्वागत समिती, ना झाडण्याआधीचा फोटो, ना झाडल्यानंतरचा.

समिती येणार त्या सकाळचं गाव मात्र बघण्यासारखं असतं. रस्त्याच्या दोन्ही कडांना फक्की पडते. शाळेची पोरं लेझीम घेऊन उन्हात तिष्ठतात. घंटागाडीला आंघोळ घातली जाते. ती चालत नाही, पण घंटा वाजते. रोपवाटिकेतून आणलेल्या कुंड्या पंचायतीसमोर मांडतात आणि समितीची जीप फाट्यावरून वळली की टेम्पोत भरून परत पाठवतात. ओला आणि सुका कचऱ्याच्या डब्यांवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नसतं. त्यांत कचरा टाकू नये म्हणून एक माणूस राखणीला ठेवावा लागतो.

शौचालयांची पाहणी थोडी नाजूक. कागदावर गाव हागणदारीमुक्त आहे. पूर्वी गुड मॉर्निंग पथक पहाटे टॉर्च घेऊन फिरायचं आणि टमरेलवाल्यांना गुलाबाचं फूल द्यायचं. आता मुक्ती जाहीर झाल्यामुळे त्या बाजूला कोणी फिरकत नाही. लाभार्थी शौचालयासमोर उभा राहून फोटो काढून घेतो. दार उघडायला सांगू नये, एवढी रीत समितीही पाळते. आत सरपण आहे, पावसाळ्यात भिजलं तर कोण भरून देणार?

हा आमचा पहिलाच मान नव्हे. २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम आली तेव्हा गावात भांडणं बेताची होती. मग समितीचा अध्यक्ष कोण, यावरून दोन भावक्या अशा भिडल्या की अजून एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. माझी वसुंधरा अभियानात तर पंचमहाभूतांना गुण असतात. भूमी, जल, वायू, अग्नी यांत आमची थोडी ओढाताण झाली. आकाश मात्र गावाला पहिल्यापासून होतंच.

असो. पुरस्कार घ्यायला सगळी बॉडी शहरात गेली. सरपंचबाईंनी ढाल धरली, यजमानांनी सरपंचबाईंच्या हातातली ढाल धरली, आणि दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवरून गुलाल उधळत मिरवणूक निघाली. डीजेमुळे ज्यांना काही ऐकू आलं नाही त्यांनीही टाळ्या वाजवल्या. त्या रात्री चौकात साचलेल्या गुलालाची आणि पाण्याच्या पाऊचची समितीने नोंद घेतली नाही, कारण ती आता पुढच्या वर्षी येणार.

मग ग्रामसभा लागली. कायद्याने शंभर मतदार किंवा पंधरा टक्के, यांतला कमी आकडा जमावा लागतो. तो जमला नाही. सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, त्यामुळे आमच्याकडे खरा कारभार याच सभेत चालतो. ग्रामसेवकांनी (पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे, पण हाक मारताना आम्हाला अजून जमत नाही) विषयपत्रिका वाचली. विषय पहिला, पुरस्काराबद्दल सरपंचांच्या अभिनंदनाचा ठराव. सूचक यजमान, अनुमोदक यजमानांचे मेहुणे, मंजूर एकमताने. विषय दुसरा, सरपंचांना अभियानात साथ दिल्याबद्दल यजमानांच्या अभिनंदनाचा ठराव. सूचक मेहुणे. तोही एकमताने. एवढ्यात मागून सफाई कामगाराने उभं राहून थकलेल्या पगाराचं विचारलं. तो विषय पत्रिकेवर नव्हता. अध्यक्षांच्या परवानगीने येणाऱ्या आयत्या वेळच्या विषयांत घेऊ, असं ठरलं, आणि अध्यक्ष सत्काराला शेजारच्या गावी निघून गेले.