म्हैस व्यायच्या आत वाचायच्या सूचना

पहिली सूचना : म्हैस घेण्याआधी कडबा घ्या. ही सूचना म्हैस घेतल्यावरच वाचली जाते, पण मार्गदर्शिकेत ती पहिल्या क्रमांकावर छापायची रीत आहे.

पुण्यातली नोकरी सोडून तुम्ही पारोळ्याला नाहीतर शिरपूरला परत आलात, मोबाइलवर ‘दोन म्हशींतून दहा म्हशी’ पाहिलंत आणि आता दारात दोन गाभण म्हशी उभ्या आहेत, असं धरून चालू. महिना डिसेंबर. दादर ज्वारी अजून रानात उभी आहे, तिचा कडबा हाती पडायला फेब्रुवारी-मार्च उजाडेल. गेल्या सालचा ज्याच्या खळ्यात उरलाय, तो कालपर्यंत तुमचा नुसता शेजारी होता. आजपासून त्याला जिभाऊ म्हणा. एके काळी तापीकाठच्या काळ्या रानांत दादरच दादर असायची. मका, कापूस आणि केळीने ती मागे रेटली. दादरची भाकरी सगळ्यांनाच हवी असते, पेरायची मात्र दुसऱ्याने.

तोवर मक्याचा चारा आणि बाजरीचं सरमाड यांवर भागवायचं. दोन्हीची कुट्टी करूनच घाला. अख्खी पेंढी टाकलीत तर म्हैस पानं निवडून खाते, धांडे पायाखाली घेते आणि त्यावर समाधानाने बसते. हरभऱ्याचं कुटार मिळालं तर सोडू नका. रावेर-यावलकडचे पाहुणे ‘केळीची खोडं फुकट न्या’ म्हणतील. न्यावीत. फक्त खोडात बहुतेक पाणीच असतं, त्यामुळे ट्रॅक्टरभर आणून ‘चारा भरला’ असं घरी सांगू नये. कोरड्या चाऱ्यात मिसळून थोडी थोडी घालावीत.

गावात कोणीतरी युरियाचा उपाय सांगेलच. उपाय खरा आहे : 100 किलो कोरडा चारा, 4 किलो युरिया, 40 ते 50 लिटर पाणी. युरिया पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरावर शिंपडायचा, चारा तुडवून घट्ट करायचा, वरून प्लास्टिकने हवाबंद झाकून 21 दिवस हात लावायचा नाही. उघडल्यावर उग्र वास उडू द्यायचा, मगच गव्हाणीत. लहान वासरांना अजिबात नाही. आणि ‘चारने एवढं होतं तर आठने किती होईल’ हा हिशेब करायचा नाही. म्हशीला तो जिवावर बेततो. तसंच, खरिपाची ज्वारी कापलेल्या रानात फुटलेले पोपटी कोंब फार गोड दिसतात. त्यांत सायनाइडचं विष असतं. दावं सुटलेली म्हैस नेमकी तिथेच जाते.

आता ढेपेचा प्रश्न. जळगाव जिल्हा कापसाचा, त्यामुळे सरकीच्या ढेपेला इथे पंचामृताचा मान आहे. व्यायच्या आधी दोन महिने म्हैस आटवायची, म्हणजे धार बंद. याच दोन महिन्यांत पोटातलं रेडकू सर्वांत झपाट्याने वाढतं, म्हणून रोजच्यापेक्षा किलो-दोन किलो खुराक जास्त द्यायचा, तोही हळूहळू वाढवत. सोबत 50 ग्रॅम खनिज मिश्रण. नेमक्या याच वेळी घरातले वडीलधारे विचारतात, ‘दूध तर देत नाही, मग ढेप कशाला?’ वाद घालू नका. ढेपेचं पोतं त्यांच्या खाटेपासून लांब ठेवा.

थंडीबद्दल नवशिक्यांचा एक गैरसमज असतो, की खान्देशात थंडी नसते. उन्हाळ्यातल्या भुसावळच्या बातम्या वाचून तो झालेला असतो. धुळ्याचा पारा पाच-सहा अंशांच्या घरात उतरला की म्हशीच्या विरळ केसांचा अर्थ कळतो. पाठीवर गोणपाट बांधा, गोठ्याची वाऱ्याची बाजू झाका, खाली पाचट नाहीतर भुसा अंथरा आणि ओला झाला की बदला. पहाटे टाकीतलं गार पाणी पुढे ठेवलंत तर म्हैस तोंड बुडवून मागे होते. पाणी कमी, म्हणून चाराही कमी. बोअरचं ताजं पाणी कोमट असतं, पण लाइट रात्री दोनला येणार असेल तर त्यासाठीही उठावं लागतं. तेवढ्यात गव्हालाही पाणी भरून होतं.

गाय साधारण नऊ महिने नऊ दिवस, म्हैस दहा महिने दहा दिवस. रेतनाची तारीख कालनिर्णयवर लिहून ठेवा, म्हणजे ‘आज व्याईल, उद्या व्याईल’ म्हणत आठवडाभर गोठ्यात झोपावं लागणार नाही. कास भरते, सड ताठरतात, शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना खळगे पडतात, म्हैस ऊठबस करते. पुढचे दोन पाय आणि त्यांवर टेकलेलं नाक दिसलं की हात मागे बांधून उभे राहा. पाण्याची पिशवी फुटून दोन तास गेले आणि काहीच पुढे सरकत नसेल तर जनावरांच्या डॉक्टरला फोन करा. ओढायला तयार असलेल्या चार धडधाकट भाच्यांना चहाला पाठवा.

रेडकू पडलं की नाकातोंडातला चिकटा पुसा, नाळ दोन-तीन इंच ठेवून बांधा, कापा, आयोडीन लावा. मग खरी लढाई. ‘वार पडल्याशिवाय पिऊ द्यायचं नाही,’ असं सगळा गोठा एका सुरात सांगेल. ऐकू नका. तास-दोन तासांत चीक पोटात गेला पाहिजे; पहिल्या दिवसात वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे तीस किलोच्या रेडकाला तीनेक लिटर. रोगांशी लढायची ताकद त्याला त्या चिकातूनच मिळते, आणि त्याच्या ओढण्याने वार पडायलाही मदतच होते. हेला झाला असेल तर हे सगळं दुप्पट आवाजात सांगावं लागतं, कारण हेल्याच्या तोंडचा चीक काढून घेताना कोणालाच काही वाटत नाही.

पहिले दोन-तीन दिवस कास पूर्ण रिकामी करू नका. भरपूर दूध देणारी म्हैस अंगातलं कॅल्शियम ओतून बसते, मान कुशीकडे वळवते आणि उठत नाही. तिला नजर लागलेली नसते. शिरेतून कॅल्शियम दिलं की बहुधा उठते. बाजरीची घुगरी, गूळ, सुंठ खुशाल घाला. म्हातारीचं मन राखलं जातं आणि म्हशीलाही आवडतं.

दरम्यान दारात ‘कितलं दूध देस?’ विचारत माणसं जमतील आणि प्रत्येकाच्या हातात खरवसासाठी पातेलं असेल. रेडकाने पोटभर पिऊन उरलेला, शक्यतो दुसऱ्या दिवशीचा चीक वाटावा. पहिल्याच धारेचा हट्ट धरणाऱ्या काकूंना सांगा, वार अजून पडलेली नाही. त्या वारेचा नियम फार मानतात.