नवरीला आधी पोचू द्या

जुलै २०२१ मध्ये सासवडला स्वतःच्या लग्नाला निघालेली एक नवरी दिवे घाटात चालत्या गाडीच्या बॉनेटवर बसली होती आणि पुढे दुचाकीवरून तिचं शूटिंग चाललं होतं. व्हिडिओ गावभर फिरला. पोलिसांनी नवरीसह व्हिडिओ काढणाऱ्यावरही गुन्हा नोंदवला. लोकांनी नावं ठेवली ती मात्र एकट्या मुलीला. माझा राग कॅमेऱ्यावाल्यावर आहे. कल्पना कुणाचीही असो, घाटाच्या वळणावर माणूस बॉनेटवर बसलेला दिसत असताना ‘आधी खाली उतरा’ एवढं ज्याला म्हणवत नाही, त्याला लग्नाची सुपारी देऊ नये.

याच घाटातून ज्ञानोबांची पालखी सासवडला जाते. फोटोग्राफर सकाळपासून डोंगरावर जागा धरून बसतात. ऊन सोसतात, पाऊस सोसतात, आणि वारी जशी येईल तशी टिपतात. ‘माउली, जरा मागे जा, परत एकदा चढून या’ असं वारकऱ्यांना सांगायची कुणाची छाती नाही. म्हणजे वाट बघायची कला आपल्याकडे आहे. ती लग्नाच्याच दिवशी का विसरायची?

नवरीच्या प्रवासाला तर आता खरा रंग चढलाय. पूर्वी बहुतेक घरांत वऱ्हाड यायचं मुलाकडचं. नवरी घरातच असायची आणि तिच्या प्रवासाचे फोटो म्हणजे पाठवणीचे, रडून सुजलेल्या डोळ्यांचे. डेस्टिनेशन वेडिंगने हा क्रम उलटवला. आता मुलगी लग्नाआधी निघते, हसत, स्वतःची बॅग ओढत. अलिबागच्या लग्नांचं बघा. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून रो-रो बोट जाते, गाड्या पोटात घेऊन, तासाभरात. त्या तासात काय नसतं! आईच्या मांडीवर खणात गुंडाळलेली गौरीहराची अन्नपूर्णा असते. शेजारची बाई ‘द्या, मी धरते’ म्हणाली तरी ती देत नाही. मामा बॅगा मोजतो, पुन्हा मोजतो, आणि मुंडावळ्यांची पिशवी सापडेना म्हणून खाली गाडीची डिक्की उघडायला पळतो. करवली मेंदीभरल्या हातांच्या नवरीला वडापाव भरवते. वडील सगळ्यांपासून लांब कठड्याशी उभे असतात, फोन कानाला, पण बोलत नसतात.

आणि आपला सिनेमॅटिकवाला काय करत असतो? नवरीला डेकच्या टोकाला उभं करून केस उडवायला लावतो. ‘मॅडम, समुद्राकडे बघा. आता हळूच माझ्याकडे. परत एकदा.’ भर दुपारी, सूर्य डोक्यावर, कपाळाची सावली डोळ्यांत. वर ड्रोनचा हट्ट. नौदलाचा तळ असलेल्या बंदरात तो परवानगीशिवाय उडवायचा नसतो, हे त्याला सांगावं लागतं. तासभर हे चालतं. मांडवा आला की टीझरपुरता माल तयार, आणि आई, मामा, वडील त्यात कुठेच नाहीत. उडते केस दुसऱ्या कुठल्याही मुलीचे चालले असते. अन्नपूर्णा सांभाळणारी ती आई चालली नसती.

लक्ष्मण देशपांड्यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्याने अख्खं वऱ्हाड उभं केलं आणि मराठी माणूस वर्षानुवर्षं हसला तो निघण्याच्या गडबडीला. आपल्याला प्रवासातली माणसं आवडतात. मग पैसे मोजून घेतलेल्या फिल्ममधून तीच का कापली जातात?

तेव्हा बुकिंग करताना टीझर बघून भुलू नका. त्या फोटोग्राफरकडून एका लग्नाच्या प्रवासाचे सगळे फोटो मागा, निवडलेले नव्हे, सगळे. त्यात मावशी-मामा किती दिसतात ते मोजा. त्याला लहान लेन्स घेऊन गाडीत पुढच्या सीटवर बसता येतं का, तोंड मिटून, ते विचारा. आणि ड्रोनचे पैसे काढून त्याच्या जोडीला दुसरा माणूस घ्या, जो फक्त वऱ्हाडाबरोबर राहील.