दोन व्होल्टांचा सोहळा

सीडी प्लेअरमधून साधारण 2 व्होल्ट बाहेर पडतात. बहुतेक पॉवर अँप्लिफायरना पूर्ण ताकदीने गर्जायला तेवढेही लागत नाहीत. म्हणजे मधल्या महागड्या प्रीअँप्लिफायरचं मुख्य काम आवाज कमी करणं!

रेकॉर्डप्लेअर जोडला की मात्र यंत्राला खरं काम लागतं. मूव्हिंग कॉइल पिकअप जेमतेम अर्धा मिलिव्होल्ट देतो. तो हजारएक पटींनी वाढवायचा, वर 1954च्या आरआयएए या प्रमाण वक्रानुसार तबकडी कापताना दाबलेला खर्ज उचलायचा. पण मालकाचं कौतुक भलत्याच आकड्याचं: एक लाख हर्ट्झपर्यंत सपाट प्रतिसाद! माणसाचा कान ऐन तारुण्यातही 20 हजारांच्या आसपास थांबतो. असं यंत्र परवडेपर्यंत पन्नाशी उलटते, आणि तोवर वरचे काही हजार हर्ट्झ कानांनी परस्पर सोडून दिलेले असतात. (हे दुकानदार सांगत नाही.)

मग विधी. सुरू करताना आधी प्रीअँप, शेवटी पॉवर अँप; बंद करताना उलट. चुकलं तर स्पीकर धप्पकन दणका देतो, त्यामुळे हा नियम खरा. केबल जमिनीला टेकू नये म्हणून तिच्याखाली चिनी मातीचे टेकू, हे मात्र निव्वळ व्रतवैकल्य.

एवढं झाल्यावर पाहुण्यांसाठी लागते बालगंधर्वांची 78 फेऱ्यांची तबकडी. ती मोनो, आणि आरआयएए वक्र ठरण्याच्या कितीतरी आधीची.