आयते निष्कर्ष विकणाऱ्यास खुले पत्र

महोदय,

‘सप्रेम नमस्कार’ लिहावा एवढं प्रेम तुमच्याविषयी उरलेलं नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येते. मानसशास्त्राच्या लघुप्रबंधांची तारीख जवळ आली की नांदेड-लातूरच्या टायपिंगच्या दुकानांत तुमचा हंगाम सुरू होतो. मुलं भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा आणतात आणि तयार ‘प्रकरण चौथे’ घेऊन जातात. मी ती प्रकरणं वाचते. मानसशास्त्र शिकवणं हे माझं काम आहे आणि तुम्ही रोज त्यावर बोळा फिरवता.

तुमचा तक्ता आता पाठ झालाय. ग्रामीण ३०, शहरी ३०, मध्यमान, प्रमाण विचलन, टी मूल्य, स्वातंत्र्य मात्रा ५८. खाली ठरलेलं वाक्य: ‘टी मूल्य ०.०१ स्तरावर सार्थक आहे, म्हणून शून्य परिकल्पना फेटाळण्यात येते.’ विषय चिंता असो, समायोजन असो की आत्मविश्वास, तुमच्या दुकानात प्रत्येक दुखण्यावर हीच एक गोळी. फरक सार्थक निघाला नाही असा एकही प्रबंध तुमच्या हातून बाहेर पडलेला मी पाहिला नाही. मराठवाड्यात प्रत्येक गोष्टीत ग्रामीण आणि शहरी मुलं वेगळी असतात, हे तुम्हाला प्रश्नावली न उघडताच कळतं!

एक उदाहरण नीट समजून घ्या. समजा, लातूरच्या एका वसतिगृहातल्या ३० मुलींची परीक्षेची चिंता मोजली, काही आठवडे शिथिलीकरणाचा सराव घेतला आणि त्याच मुलींची पुन्हा मोजली. गुण सरासरी २ ने उतरले. तुम्ही काय करता? आधीचे ३० आणि नंतरचे ३० हे दोन निराळे गट धरता. दोन्ही वेळचं प्रमाण विचलन ८ असेल तर टी येतो ०.९७, म्हणजे सार्थक नाही. पण मुली त्याच आहेत. प्रत्येकीचा आधीचा आणि नंतरचा गुण शेजारी मांडून फरक काढायचा, कारण मुळातच जास्त घाबरणारी आणि मुळातच निवांत असणारी यांच्यातलं अंतर इथे मोजायचंच नाहीये. त्या फरकांचं प्रमाण विचलन ४ असेल, तर टी येतो २.७४ आणि स्वातंत्र्य मात्रा २९. लागतं २.०५. फरक सार्थक होता. तुमच्या चाचणीने तो पुसून टाकला. आणि ०.९७ सारखं मूल्य तुम्हाला गिऱ्हाइकाला दाखवायची लाज वाटते, म्हणून पुढे तुम्ही आकडाच बदलता. याला माझ्या भाषेत फसवणूक म्हणतात.

कला, वाणिज्य आणि विज्ञान असे तीन गट आले तरी तुमची टी चाचणी सुटत नाही. दोन-दोनच्या तीन जोड्या लावता. प्रत्येक वेळी चुकण्याची ५ टक्के जोखीम, तीन वेळा मिळून ती १४ टक्क्यांच्या आसपास जाते. प्रचरण विश्लेषण याचसाठी आहे. आणि ‘शिकवणी सोडली की नाही’ असं हो-नाहीचं उत्तर असेल, तर मध्यमान कशाचं काढता? तिथे काय-वर्ग चाचणी लागते.

दोन गटांचा पसारा सारखा नसेल तर मध्यमानांची तुलना कशी करायची, या एका प्रश्नासाठी सातारा जिल्ह्यातल्या बुध गावच्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी संगणक नसतानाच्या काळात आकडेमोड करून कोष्टकं तयार केली. बेहरेन्स-फिशर चाचणीची त्यांची कोष्टकं १९३८ मधली. तुमच्यापुढे संगणक आहे, एका टिचकीत तो पसाऱ्यातला फरक तपासून देतो, आणि तुम्ही त्या ओळीकडे बघतही नाही.

मौखिक परीक्षेत एका मुलीला विचारलं, ‘हीच चाचणी का निवडलीस?’ ती म्हणाली, ‘सरांनी करून दिलं.’ ते सर म्हणजे तुम्ही. भर उन्हात वसतिगृहं फिरून तिने प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या. तिचा प्रश्न चांगला होता, कष्ट खरे होते. मधला विचार तेवढा तुम्ही काढून घेतलात, वर पैसेही घेतलेत. तिला दोन वर्षं शिकवूनही ‘का’चं उत्तर देता येईना, हा आम्हा शिक्षकांचाही दोष आहे. पण त्यामुळे तुमचा कमी होत नाही.

जगभर या शास्त्राची झडती चालू आहे. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तर मुळात बहुतेक सगळे सार्थक होते आणि दुसऱ्यांदा जेमतेम ३६ टक्केच तसे निघाले. ते संशोधक निदान स्वतःच्या चुका तपासत होते. आपल्याकडे बीड, परभणी, हिंगोलीची पोरं ‘लातूर पॅटर्न’च्या नावावर घर सोडून वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या तयारीला येतात. त्यांच्या झोपेचं, भीतीचं, एकटेपणाचं काय होतं, याची खरी नोंद इथल्याच विद्यार्थ्यांनी केली तर वसतिगृहात समुपदेशक नेमा म्हणून कुणाला तरी ठामपणे सांगता येईल. तुमचे आकडे घेऊन कुणाच्या दारात जायचं?

यंदा कुणी पेनड्राइव्ह घेऊन आलं, तर आधी एवढंच विचारा: माणसं तीच की वेगळी, गट किती, मोजलंय काय, आणि परिकल्पना माहिती गोळा करण्याआधी लिहिली होती का? उत्तर आलं नाही तर त्याला मार्गदर्शकाकडे परत पाठवा. उत्तर आलं, तर तो चाचणी स्वतः निवडेल. तुम्ही तक्ता टाइप करून द्या आणि टायपिंगचे पैसे घ्या. निकाल सार्थक नसेल तर ‘सार्थक नाही’ असंच टाइप करा.

मानसशास्त्राची एक शिक्षिका,
नांदेड